३८ तोफा आणि साडेतीन टक्के जकात

पिंपळनेरच्या पश्चिमेकडच्या डोंगरात पांझरा उगम पावते. ती आधी पूर्वेला धुळ्यापर्यंत जाते, मग उत्तरेला वळून मुडावदजवळ तापीला मिळते, आणि तापी तेच पाणी पुन्हा पश्चिमेला नेऊन सुरतेपलीकडे समुद्रात सोडते. माणसं एवढा वळसा घेत नाहीत. ती चरणमाळ घाट उतरून नवापूरमार्गे थेट सुरत गाठतात. साक्री तालुक्यातल्या किती घरांची चूल सुरतेच्या लूमवर आणि कापड मार्केटवर चालते, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. तापीच्या मुखाच्या जरा उत्तरेला सुवालीचा किनारा आहे. नोव्हेंबर १६१२ मध्ये 'रेड ड्रॅगन' नावाचं इंग्रज जहाज तिथे पोर्तुगीजांशी लढलं.

या जहाजावरून वाद घालणारे दोघे पिंपळनेरचे. मामा शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले आहेत. भाची सुरतेला रिंग रोडच्या मार्केटात एका पेढीचे हिशेब सांभाळते. मामांना जहाज दिसतं, भाचीला त्यातला माल. त्यांचं बोलणं मी वेळोवेळी ऐकलं, ते इथे सलग करून देतो आहे.

मामा : आधी जहाजाची कुंडली ऐक. १५९५ साली टेम्सच्या काठी डेप्टफर्डला ते बांधलं. बांधून घेणारा कंबरलँडचा अर्ल, जॉर्ज क्लिफर्ड. तेव्हा त्याचं नाव 'स्कर्ज ऑफ मॅलिस' होतं. तोफा ३८. स्पेनची जहाजं गाठायची आणि लुटायची, एवढ्याचसाठी ते पाण्यात उतरवलं.

भाची : म्हणजे चाचेगिरी.

मामा : राणीच्या परवान्याने केलेली. इंग्लंड-स्पेन युद्ध चालू होतं आणि राणीच्या खजिन्यात मोठं आरमार पोसण्याइतका पैसा नव्हता. मग सरदारांनी स्वतःच्या खर्चाने जहाजं बांधायची, शत्रूला लुटायचं आणि लुटीतला वाटा सरकारला द्यायचा, अशी रीत पडली. १५९८ मध्ये हेच जहाज पुढे घालून क्लिफर्डने प्वेर्तो रिकोवर स्वारी केली आणि सान हुआनचा किल्ला घेतला. स्पेनच्या त्या किल्ल्यावर तीन वर्षांपूर्वी खुद्द ड्रेक, इंग्लंडचा नावाजलेला दर्यावर्दी, आपटून परत फिरला होता!

भाची : आणि किती दिवस टिकवला?

मामा : दोन महिने. हगवणीची साथ आली, शेकडो माणसं मेली. सोडून यावं लागलं.

भाची : मामा, तुम्ही ही गोष्ट दर वेळी किल्ला घेतल्यावर थांबवता. मी तिच्या शेवटापासून हिशेब धरते. क्लिफर्ड कर्जात बुडाला, म्हणून जहाज विकायला काढलं. ३१ डिसेंबर १६०० ला लंडनच्या व्यापाऱ्यांना पूर्वेच्या व्यापाराची सनद मिळाली. त्यांना मजबूत जहाज हवंच होतं. ३,७०० पौंडांत सौदा झाला आणि नाव बदलून 'रेड ड्रॅगन' ठेवलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या पहिल्या सफरीचं मुख्य जहाज हे. लुटीसाठी बांधलेलं, सेकंडहँड!

मामा : पण म्हणूनच ते वाचलं ना. साधं व्यापारी जहाज मलाक्केच्या सामुद्रधुनीत पोर्तुगीजांनी कधीच बुडवलं असतं. जेम्स लँकेस्टर कप्तान होता. १६०१ च्या वसंतात चार जहाजं निघाली. विषुववृत्ताजवळ वारा पडला, महिने गेले, आणि माणसांच्या हिरड्या सडायला लागल्या. स्कर्वी. केप ऑफ गुड होपला पोचेपर्यंत ताफ्यातली १०५ माणसं गेली. बाकीच्या तीन जहाजांवर शिडं ओढायला खलाशी पुरेनात, व्यापारी स्वतः सुकाणूवर उभे राहिले. पण ड्रॅगनवरची माणसं चालतीफिरती होती. लँकेस्टरने लिंबाच्या रसाच्या बाटल्या घेतल्या होत्या. रोज सकाळी उपाशीपोटी तीन चमचे.

भाची : बाकीच्या तिघांना का नाही दिला?

मामा : ते कुठे लिहिलेलं नाही. पण खरं दुःख पुढे आहे. एवढा ढळढळीत पुरावा समोर असताना इंग्रज आरमाराने लिंबाचा रस सगळ्या खलाशांना नेमाने द्यायला १७९५ साल उजाडलं. मधल्या दोनशे वर्षांत किती माणसं विनाकारण गेली असतील, सांग.

इथे दोघंही थोडा वेळ गप्प होतात. या जहाजाच्या सगळ्या कारकिर्दीत मला सर्वांत मोलाचे वाटतात ते हे तीन चमचेच. सान हुआनचा किल्ला दोन महिन्यांत गेला. ही गोष्ट माणसांच्या कामी येऊ शकली असती.

भाची : आता माझा भाग. जून १६०२ मध्ये ते सुमात्रात अचेह इथे पोचले. मिरी महाग होती आणि विकायला यांच्याकडे काय, तर लोखंड, शिसं आणि इंग्लंडची लोकर. त्या उकाड्यात लोकर कोण घेणार? मग ऑक्टोबरमध्ये मलाक्केजवळ एक मोठं पोर्तुगीज जहाज सापडलं. त्यात काय होतं? सोनं नव्हे, कापड. आपल्या देशातल्या विणकरांनी विणलेल्या सुती कापडाचे साडेनऊशे गठ्ठे. ते लुटलं, बांतामला नेलं आणि त्यावर मिरी घेतली. मामा, इंग्रजांना हिंदुस्थानचा रस्ता तिथे सापडला. बेटांवरचा मसाला विकत घ्यायचा तर आपलं कापड हातात हवं, हे या एका लुटीने त्यांना शिकवलं.

मामा : लूट केली कशाच्या जोरावर? तोफांच्याच ना?

भाची : एकदा लुटता येतं. दर वर्षी लागणारा माल लुटून मिळत नाही, त्याला पेढी लागते. दलाल लागतो, आगाऊ रक्कम द्यावी लागते, विणकराशी भाव ठरवावा लागतो, पावसाळ्यात माल साठवायला वखार लागते. सुरतेला ते आले ते यासाठी.

मामा : पहिला आला हॉकिन्स, १६०८ मध्ये, 'हेक्टर' जहाजावरून. तुर्की बोलायचा, म्हणून जहांगीर त्याच्यावर खूश. चारशेची मनसब दिली. दोन-अडीच वर्षं दरबारात राहिला आणि हात हलवत परतला. का? त्याच्यामागे तोफ नव्हती. दरबारात पोर्तुगीजांचं वजन होतं, कारण समुद्र त्यांचा होता. आपल्या व्यापाऱ्याने मक्केकडे जहाज सोडायचं तर आधी पोर्तुगीजांकडून पैसे भरून 'कार्ताझ' म्हणजे परवाना घ्यायचा. बादशहाच्या घरच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. हॉकिन्स गोड बोलून जे मिळवू शकला नाही, ते कंपनीच्या कप्तान थॉमस बेस्टने ड्रॅगनवरून मिळवलं.

आता दोघे सुवालीला आले. या वादाचं मूळ इथेच आहे.

तापीच्या मुखातून मोठी जहाजं सुरतेपर्यंत जात नसत, गाळ आडवा येई. सुवालीला किनाऱ्याला समांतर वाळूचा लांब दांडा होता. दांडा आणि किनारा यांच्यामध्ये खोल पाण्याची एक पट्टी होती, आणि जहाजं तिथेच नांगर टाकत. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक फार मोठा असतो. भरतीला जिथून जहाज आरामात जातं, तिथे ओहोटीला ते वाळूत रुततं.

मामा : बेस्टकडे दोनच जहाजं होती, ड्रॅगन आणि लहानगं 'होझिअँडर'. समोर नुनो दा कुन्हा, चार मोठी गलियन युद्धजहाजं आणि वल्ह्यांची पंचविसाहून जास्त जहाजं घेऊन. २९ नोव्हेंबर १६१२. बेस्ट थांबला नाही, नांगर उचलून सरळ त्यांच्यात घुसला. दुसऱ्या दिवशी तीन गलियन वाळूवर चढली. होझिअँडर हलकं असल्याने उथळ पाण्यात फिरू शकत होतं, ते त्यांच्याभोवती फिरून तोफा डागत राहिलं. भरती आल्यावर पोर्तुगीज सुटले. पुढे काठियावाडच्या किनाऱ्यावर पुन्हा गाठ पडली आणि तिथली लढाई मोगल सैन्याने किनाऱ्यावरून डोळ्यांनी पाहिली. दोन जहाजांनी चौघांना हटवलं, बाई! जानेवारी १६१३ मध्ये बादशहाचं फर्मान आलं. सुरतेला इंग्रजांची कायमची वखार झाली.

भाची : आता तारखा मांडा. सुरत आणि अहमदाबादच्या अधिकाऱ्यांनी बेस्टशी करार केला कधी? ऑक्टोबरमध्ये. लढाईच्या महिनाभर आधी! साडेतीन टक्के जकात, वखारीला परवानगी, सगळं त्यातच ठरलं होतं. जानेवारीच्या फर्मानाने त्यावर शिक्कामोर्तब झालं. मग लढाईने काय मिळवलं?

मामा : शिक्कामोर्तब मिळवलं. लढाई हरले असते तर तो कागद सुरतेच्या कचेरीतच राहिला असता. आणि ऑक्टोबरमध्ये तरी करार का केला? त्याच वर्षी तांबड्या समुद्रात कंपनीच्याच हेन्री मिडलटनने काय केलं होतं ते विसरलीस? सुरतेची जहाजं अडवली, त्यांच्याकडचा माल स्वतः ठरवलेल्या भावाने घेतला. त्यात 'रहिमी'ही होतं, जहांगीरच्या आईचं जहाज. ही बातमी सुरतेला पोचली, तेव्हा बेस्ट तिथेच होता. सुरतेच्या व्यापाऱ्यांना कळलं की या लोकांना दारात उभं केलं नाही तर हे समुद्रात आपली वाट अडवतील. मी सांगस ते आयक, तुझा साडेतीन टक्क्यांचा आकडा हवेतून आला नाही. त्याच्यामागे हजच्या वाटेवरची दहशत आहे.

भाची : हे तुम्ही जहाजाच्या बाजूने सांगता आहात की विरुद्ध?

मामा : जे आहे ते सांगतो. जहाजाचं शौर्य मला आवडतं. हजला जाणाऱ्यांना अडवणं आवडत नाही. दोन्ही एकाच कंपनीची कामं आहेत.

भाची : मग माझं एवढंच मान्य करा. मोगलांनी इंग्रजांना आत घेतलं ते हिशेबाने. एका दादाऐवजी दोन दादा असले तर दोघांचा भाव पडतो. पुढच्याच वर्षी, १६१३ मध्ये, पोर्तुगीजांनी तेच 'रहिमी' कार्ताझ असताना धरलं. जहांगीर एवढा चिडला की दमणवर फौज पाठवली, जेझुइटांचं चर्च बंद केलं. त्याला इंग्रज हवे होते ते पोर्तुगीजांना शह म्हणून. यात खुळेपणा काय? सुरतेचा कुठलाही व्यापारी आजही दोन ठिकाणांहून माल घेतो, ते याचसाठी.

मामा : व्यापाऱ्याने केलं तर शहाणपण. बादशहाने करायचं काय होतं? स्वतःचं आरमार! एवढी मोठी सल्तनत, सागवानाचे डोंगर, सुरतेला उत्तम जहाज बांधणारे कारागीर. रहिमी तर ड्रॅगनपेक्षा कितीतरी मोठं होतं. सगळं असून समुद्र राखण्याचं काम परक्यांना दिलं.

या मुद्द्यावर मी मामांच्या बाजूचा आहे. मोगलांचा महसूल जमिनीतून येत होता, बंदरातून त्यामानाने थोडा. म्हणून आरमाराचा खर्च त्यांना वायफळ वाटला असेल. त्या घडीच्या हिशेबात ते चुकलेही नसतील. पण आपल्या यात्रेकरूंना आपल्याच समुद्रात परवाना घेऊन जावं लागतं, ही गोष्ट शंभर वर्षं चालू देणं हा नुसता जमाखर्च नव्हता. ती राजाने राजेपण सोडल्याची खूण होती.

भाची : सगळ्यांनीच सोडलं नव्हतं, मामा. कालिकतच्या राजाचे आरमारप्रमुख कुंजाळी मरक्कार लढले.

मामा : आणि शेवटच्या कुंजाळीला पोर्तुगीजांनी १६०० मध्ये गोव्यात मारलं. त्याच साली लंडनला कंपनीची सनद निघाली. नंतर समुद्राकडे राजाच्या नजरेने पाहिलं ते शिवरायांनी. १६७९ मध्ये खांदेरी बेटावर त्यांचा मायनाक भंडारी तटबंदी बांधायला लागला. मुंबईच्या इंग्रजांनी वेढा घातला. त्यांचं मोठं जहाज 'रिव्हेंज', त्यावर ताफ्याचा प्रमुख केग्विन. १८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या दौलतखानाच्या आरमाराशी लढाई झाली. इंग्रजांचं 'डव्ह' मराठ्यांनी धरलं.

भाची : आणि 'रिव्हेंज'ने मराठ्यांना पिटाळलं.

मामा : पिटाळलं. तरी खांदेरी मिळालं का? रात्री लहान होड्या वेढ्यातून सुटायच्या, बेटावर दाणागोटा आणि चुना पोचवायच्या. मोठ्या जहाजाला त्या सापडायच्या नाहीत. सुवालीला होझिअँडरने जे केलं तेच इथे आपल्या होड्यांनी केलं. शेवटी इंग्रजांनी नाद सोडला. खांदेरी मराठ्यांकडे राहिलं.

भाची : म्हणजे मोठी तोफ सगळं ठरवत नाही, हे तुम्हीच सिद्ध केलंत.

मामा : पाणी ओळखणारा ठरवतो, असं म्हणतो मी.

भाची : बरं. आता तुमच्या ड्रॅगनचा शेवट मी सांगते, तुम्ही कधी सांगत नाही. १६१५ मध्ये कंपनीच्या कीलिंगच्या ताफ्याबरोबर ते पुन्हा सुवालीला आलं. याच ताफ्यातल्या 'लायन'वर इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो होता. नंतर ड्रॅगन मसाल्याच्या बेटांकडे गेलं. ऑक्टोबर १६१९, सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर तिकू. मिरी घ्यायला इंग्रजांची चार जहाजं उभी होती. सहा डच जहाजांनी त्यांना घेरलं. कप्तान बॉनर जखमी होऊन मेला, ड्रॅगन डचांच्या हाती गेलं. आणि दैव बघा, युरोपात इंग्रज-डचांचा तह जुलैमध्येच झाला होता! बातमी इकडे पोचायची होती. मित्र झालेल्या लोकांनी तुमचं जहाज घेतलं. चोवीस वर्षांची कारकीर्द अशी एका कागदाच्या उशिराने संपली. कंपनी बुडाली का? नाही. सुरतेच्या वखारीत कापडाचे गठ्ठे बांधणं चालूच होतं. जहाज गेलं, वही राहिली.

मामा : जहाज गेलं, कारण डचांची जहाजं जास्त होती. तुझी वही तिथे कुठे होती?

भाची : वही बुऱ्हाणपुरात होती! रो सुरतेहून निघाला तो आपल्या खानदेशातूनच गेला. नंदुरबार, थाळनेर, चोपडा, आणि १४ नोव्हेंबर १६१५ ला बुऱ्हाणपूर. तिथे शाहजादा परवेज सुभेदार. रोने त्याच्यापुढे जमिनीला डोकं टेकवायला नकार दिला, पण वखारीची परवानगी मात्र मागून घेतली. तापीकाठच्या या सगळ्या वाटेवर एकही जहाज नव्हतं आणि एकही तोफ त्याच्या कामाची नव्हती. त्याचं सामान बैलगाड्यांवर होतं. १६७४ मध्ये इंग्रजांनी आपल्या धरणगावला वखार घातली, पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने धरणगाव लुटलं. कुठलं जहाज आलं वाचवायला? तोफेचा पल्ला किनाऱ्यापर्यंत, मामा. आत आले ते उधारी, दलाल आणि परवाने यांच्या जोरावर.

मामा : जहांगीरने आत्मचरित्रात रोचं नावसुद्धा लिहिलं नाही, माहीत आहे ना? तीन वर्षं त्याच्या दरबारात होता तो. पण १६१५ च्या सुरुवातीला सुवालीजवळ इंग्रजांनी गोव्याच्या व्हाइसरॉयचा पाडाव केला, ती बातमी त्याने आनंदाने नोंदवली आहे. वकिलाची वही बादशहाच्या लक्षात राहिली नाही. पेटलेली जहाजं राहिली.

भाची : लक्षात राहिलं ते चुकीचं राहिलं, हेच तर मी म्हणते! पेटलेली जहाजं दिसतात. वखारीतला कारकून दिसत नाही.

मामांकडे यावर लगेच उत्तर नव्हतं. मग त्यांनी थाळनेर काढलं.

मामा : रो ज्या थाळनेरला उतरला, तिथल्याच किल्ल्यासमोर २७ फेब्रुवारी १८१८ ला सर टॉमस हिस्लॉप तोफा घेऊन उभा राहिला. किल्ला होळकरांचा, तहात इंग्रजांना दिलेला. किल्लेदार तुळशीराम मामाने ताबा द्यायला नकार दिला, मग शरण येतो म्हणाला. दरवाज्यात गोंधळ उडाला, दोन इंग्रज अधिकारी पडले आणि आतली अरबांची शिबंदी कापून काढली. किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी दिलं. दोनशे दोन वर्षांत इंग्रज तापीच्या त्याच काठावर बैलगाडीतून तोफेपर्यंत आले. हे सुवालीशिवाय झालं असतं?

भाची : हिस्लॉपची फौज कुठली होती?

मामा : मद्रासची.

भाची : त्यात खलाशी किती होते?

मामा : एकही नाही. बहुतेक आपलेच शिपाई.

भाची : आणि त्यांचा पगार?

मामा : बंगालच्या आणि मद्रासच्या महसुलातून. म्हणजे तुझ्या वहीतून, हेच ऐकायचं आहे ना तुला? पण बाई, मद्रासला त्यांचा पहिला माणूस उतरला तो कशातून?

भाची : जहाजातून. आणि कशासाठी उतरला?

मामा : कापडासाठी.